‘सिंचनासाठी योग्य’ पाणी पितं कोण?

माती-पाणी तपासणीच्या एका प्रयोगशाळेत मी सतरा वर्षं काम केलं. शेतकरी कुठल्याशा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत बोअरचं पाणी घेऊन यायचे. आम्ही सामू, क्षारता, सोडियम बघायचो आणि खाली शिक्का मारायचो : ‘सिंचनासाठी योग्य’. कागद घडी करून खिशात ठेवताना माणूस हमखास विचारायचा, “म्हणजे पाणी चांगलं हाय ना मॅडम?” मी हो म्हणायचे. ते ‘हो’ आज मला सलतं.

कारण तो शिक्का पिकासाठी होता, माणसासाठी नव्हता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत सिंचनाचं पाणी ‘ई’ वर्गात येतं. त्याचे निकष चारच : सामू ६ ते ८.५, विद्युतवाहकता २२५०पर्यंत, सोडियमचं गुणोत्तर २६पर्यंत आणि बोरॉन लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत. रान खारट होऊ नये, पीक जळू नये, एवढीच त्यामागची काळजी. फ्लोराइड, नायट्रेट, शिसं, कॅडमियम यांचं त्यात नावही नाही.

माझं माहेर नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यातलं. तिथला खडक लातूरसारखा काळा बेसॉल्ट नाही. बराच भाग ग्रॅनाइटचा, आणि अशा खडकात पाणी जितकं मुरून राहतं तितका फ्लोराइड त्यात उतरतो. डागाळलेले दात, आखडलेले गुडघे तिकडच्या काही गावांना नवे नाहीत. गेल्या मे महिन्यात भावाच्या शेतात पऱ्हाटीची धसकटं वेचायला बायका आल्या होत्या. मोटार चालू झाली की पाइपाखाली तांब्या धरायच्या, उभ्या-उभ्या पिऊन परत तासात. “मावशी, पाणी कसं लागतं?” “जरा मचूळ हाय, पण गार हाय की.” मी एकीचे तांबे मोजत बसले. सकाळी आठ ते दुपारी चार, आठ तांबे. अर्ध्या लिटरचा तांब्या धरला तर चार लिटर झाले.

आता हिशेब बघा. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची जास्तीत जास्त चालणारी मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या गणितातला माणूस साधारण ६० किलोचा आणि दिवसाला दोन लिटर पाणी पिणारा. त्याच्या पोटात ३ मिलिग्रॅम जातात. मावशीच्या पोटात ६. आणि हीच संघटना सांगते, की सगळं मिळून दिवसाला ६ मिलिग्रॅमच्या वर गेलं की हाडांचा धोका वाढू लागतो. म्हणजे पाणी मर्यादेत असूनही ही बाई काठावर उभी आहे. घरचं पाणी आणि चहा तर मी धरलेलाच नाही. तिचं वजनही ६० किलो नाही, पंचेचाळीसच्या आसपास असेल. धोका मोजायचा तर हिच्यावरून मोजला पाहिजे.

सासरी, लातूर जिल्ह्यात औशाकडे, खडक वेगळा आणि काळजीही वेगळी. उसाला युरिया पडतो, गोठ्याचं शेण विहिरीजवळच साचतं आणि पावसाबरोबर नायट्रेट खाली झिरपतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात नायट्रेटचा त्रास जास्त असलेल्या जिल्ह्यांत माझ्या माहेरच्या नांदेडचंही नाव आहे. पिण्याच्या पाण्याला मर्यादा ४५ मिलिग्रॅमची. सालगड्याचं बिऱ्हाड आखाड्यावर राहतं, बाळाला वरच्या दुधाची पावडर याच पाण्यात कालवतात आणि ‘उकळून घेतलंय’ म्हणून निश्चिंत असतात. उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, तो तेवढाच राहतो. अशा बाळाचे ओठ निळसर पडू लागले तर ते सर्दीवर टाकू नका, तडक दवाखाना गाठा.

भाज्यांचा प्रश्न याहून अवघड. नांदेडचे नाले गोदावरीत उतरतात हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. नदीकाठी त्या पाण्यावर पालक-मेथी पिकते का आणि तिच्यात काय उतरतं, हे पाणी तपासून पुरतं कळणार नाही. पालेभाजीच तपासावी लागेल. जपानमध्ये जिंझू नदीत वरच्या खाणीतला कॅडमियम आला, नदीचं पाणी भातखाचरांत गेलं, आणि वर्षानुवर्षं तो भात खाणाऱ्या बायकांची हाडं साध्या खोकल्यानं मोडू लागली. सरकारनं कारण मान्य केलं १९६८ साली. पीक मात्र तोवर उभंच राहत होतं.

जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं शिकवलं जातं. त्यांच्या किटमध्ये फ्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही कळतात. पण त्या तपासतात गावचा नळ, गावचा हातपंप. शेतातला बोअर खाजगी, म्हणून तो कोणाच्याच यादीत नाही. माझी मागणी एवढीच आहे : हे किट मोटारीच्या पाइपापर्यंत जाऊ द्या. ज्या शेतात मजूर येतात किंवा आखाड्यावर लेकरं राहतात, तो बोअर पिण्याच्या पाण्याचा धरा. किटवर शंका आली तर नमुना भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत पाठवा. आणि अहवालावर ‘सिंचनासाठी योग्य’ लिहिताना त्याच्याच खाली, त्याच अक्षरात दुसरी ओळ लिहा : ‘पिण्यासाठी तपासलेलं नाही.’

भावाच्या बोअरचं पाणी मी या आठवड्यात देणार आहे. निकाल येईपर्यंत धसकटाच्या बायांसाठी गावातून दोन घागरी नेऊन ठेवायला त्याला सांगितलंय.