आधी होकार, मग आडनाव

सफाळ्याहून माकुणसार, केळवे, माहीम अशा किनाऱ्यालगतच्या गावांकडे जाताना ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’ ही पाटी हल्ली सहज दृष्टीस पडते. नारळ-सुपारीची वाडी, तिच्या एका कडेला नव्याने बांधलेल्या दोन-चार खोल्या, शनिवारी येऊन रविवारी परतणारे मुंबईकर, असा हा सुटसुटीत व्यवहार आहे. त्यात गैर काहीच नाही. नुसत्या वाडीवर भागेनासे झालेल्या कुटुंबाला दोन पैसे मिळतात आणि शहरातल्या माणसाला चोवीस तास झाडाखाली बसायला मिळते. माझा आक्षेप त्या पाटीवरील पहिल्या शब्दाला आहे. ‘घरगुती’ या एका शब्दाआड यजमान आणि पाहुणा हे दोघेही परस्परांशी स्पष्ट बोलण्याचे टाळतात. आणि न बोलल्यामुळे जी पोकळी उरते ती आपण आडनावाने भरून काढतो.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची परंपरागत फोड आहे. इथे तिथी ठरलेली असते, तास ठरलेला असतो, माणशी दर ठरलेला असतो आणि निम्मी रक्कम आगाऊ पोहोचलेली असते. हा अतिथी नव्हे, हे गिऱ्हाईक. तरीही २००५ साली केंद्राच्या पर्यटन खात्याने ‘अतिथी देवो भव’ या नावाने मोहीम काढली आणि तेव्हापासून खोली भाड्याने देणारा प्रत्येक जण उपनिषदाचा वारस ठरला. आपले पूर्वज याबाबतीत अधिक रोखठोक होते. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई आणि तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असे त्यांनी फुकटच्या पाहुण्याबद्दलही बजावून ठेवले आहे. गिऱ्हाईक असण्यात कमीपणा नाही, दुकानदार असण्यातही नाही. कमीपणा आहे तो सोयीप्रमाणे वेष बदलण्यात.

आणि तो दोन्ही बाजूंनी बदलला जातो. दर सांगताना यजमान हॉटेलवाला असतो; पंप जळाला आणि नळ कोरडे पडले की तोच ‘घरच आहे, जरा सांभाळून घ्या’ म्हणतो. घासाघीस करताना पाहुणा कसलेला गिऱ्हाईक असतो. रात्री साडेअकराला चहाची तल्लफ आली की त्याला अचानक घरच्या मावशी आठवतात. सहा जण म्हणून सांगायचे आणि दोन गाड्यांतून अकरा जणांनी उतरायचे, हा तर आता रिवाजच झाला आहे. अशा व्यवहारात कटुता आली की ‘लोकांवर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही’ असे दोघेही म्हणतात. प्रश्न असा की विश्वास ठेवण्याजोगे नेमके काय बोलले गेले होते?

या किनाऱ्यावर खोली ठरवण्यासाठी होणारे फोनवरील संभाषण आठवून पाहा. नाव काय? पूर्ण नाव? मूळचे कुठले? फॅमिलीच आहे ना? जेवणात काय खाता? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक वाटली तर खोली रिकामी असते. न वाटली तर ‘आत्ताच भरली’ असे कळते. आता जे बोलले जात नाही ते पाहा. समुद्र खरोखर किती दूर आहे? (‘पाच मिनिटे’ हे अंतराचे माप गाडीचे की पायांचे?) विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते का? वीज गेली तर पंखा चालतो का? संडास खोलीला जोडून आहे की वाडीच्या टोकाला? रात्री सफाळे किंवा केळवे रोड स्थानकावर उतरलो तर रिक्षा मिळेल का? म्हणजे मुक्कामाशी ज्यांचा संबंध आहे ते प्रश्न अध्याहृत, आणि ज्याचा नाही ते आडनाव मात्र आरंभीच. हे एकट्या माकुणसारचे किंवा केळव्याचे लक्षण नव्हे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत हाच पाठ थोड्याफार फरकाने ऐकू येतो. सगळेच यजमान असे वागतात असेही मी म्हणत नाही. पण जे वागतात त्यांना आपण काही वावगे करतो आहोत असे वाटत नाही, आणि ज्यांचे आडनाव ‘चालते’ त्या पाहुण्यांनाही ते खटकत नाही, हे अधिक गंभीर आहे.

पैसे देऊन राहू पाहणाऱ्या माणसाला नाव विचारण्याचे मोल काय असते, याचे एक उदाहरण आपल्या इतिहासात नोंदलेले आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातले शिक्षण घेऊन सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी वसतिगृहवजा सराईत गेले. तिथल्या व्यवस्थापकाला गिऱ्हाईक हवे होते, बाबासाहेबांना छप्पर हवे होते. पण सराई केवळ पारशांसाठी होती. तेव्हा दोघांनी मिळून तोडगा काढला, की नोंदवहीत पारशी नाव लिहायचे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा हुकूम देऊन गेला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही वेगवेगळ्या सबबी सांगितल्या. अखेर कमाठीबागेत बसून दिवस काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनात हा प्रसंग आहे.

तो आपण अस्पृश्यतेच्या क्रौर्याची कथा म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात यजमान आणि पाहुणा यांच्यातल्या व्यवहाराचाही एक धडा आहे. भाडे वेळेवर मिळत होते. सराईच्या एका विटेलाही धक्का लागलेला नव्हता. व्यवस्थापक आणि पाहुणा यांच्यात बेबनाव नव्हता, उलट एक प्रकारचा समजूतदारपणाच होता. खोटे शिरले ते नोंदवहीतल्या जातीच्या अटीमुळे. नाव हीच पात्रता ठरली की नाव लपवणे भाग पडते, आणि मग जे लपवले तेच अविश्वासाचे कारण म्हणून पुढे केले जाते. आज आडनाव सांगायचे टाळून नुसते पहिले नाव सांगणारा, किंवा मित्राच्या नावाने खोली घेणारा तरुण त्याच कोंडीत असतो.

हा रोग केवळ आपला नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या तीन संशोधकांनी अमेरिकेतील पाच शहरांत एअरबीएनबीच्या यजमानांना काल्पनिक पाहुण्यांच्या नावे विचारणा पाठवल्या. मजकूर सारखाच, फरक केवळ नावाचा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना होकार मिळण्याचे प्रमाण गोऱ्या वाटणाऱ्या नावांच्या तुलनेत १६ टक्क्यांनी कमी होते. टीका वाढल्यावर कंपनीने २०१८ मध्ये असा बदल केला की यजमानाने होकार दिल्यानंतरच पाहुण्याचे छायाचित्र त्याला दिसावे. हा उपाय अपुरा होता, कारण नाव दिसतच राहिले. पण त्यामागचे तत्त्व महत्त्वाचे आहे. निर्णय घेताना जी माहिती लागत नाही, ती निर्णयाआधी मागू नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ‘घर आमचे, कोणाला ठेवायचे ही आमची मर्जी.’ घर तुमचे आहे, मान्य. पण दारावर पाटी लावून वाटेल त्याला बोलावल्यावर आणि दरपत्रक छापल्यावर ती मर्जी पूर्वीची राहत नाही. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेथील प्रवेशासाठी केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकावर निर्बंध घालता येत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने तर ‘हॉटेल’ या शब्दाच्या व्याख्येतच पैसे घेऊन राहण्या-जेवण्याची सोय करणाऱ्या निवासांचा समावेश केला आहे. पैसे घेताना हॉटेल आणि नकार देताना घर, अशी दुहेरी सोय ‘घरगुती’ या विशेषणाने मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे, तो सुरक्षिततेचा. लोक दारू पिऊन धिंगाणा घालतात, केळीचे घड तोडतात, विहिरीत बाटल्या टाकतात, पहाटेपर्यंत गाणी लावतात आणि शेजाऱ्यांची बोलणी यजमान खातो. हे सारे खरे आहे. ‘विश्वास पानिपतावरच गेला’ असे एखादा यजमान म्हणाला तर त्याला हसण्यात अर्थ नाही. पण या यादीतील एक तरी गोष्ट आडनावावरून आधी ओळखता येते का? वाडीची नासधूस करून गेलेल्यांची नावे वहीत काढून पाहावीत. त्यांतली बरीचशी ‘आपल्यातलीच’ निघतील, कारण परक्यांना आपण ठेवलेच कुठे होते? धिंगाणा हे वर्तन आहे, आणि वर्तनावर अट घालता येते. रात्री दहानंतर आवाज नको, वाडीत मद्यपान नको, ठरल्यापेक्षा जास्त माणसे आली तर माणशी इतके पैसे, मोडतोडीसाठी इतकी अनामत, हे सारे बिनदिक्कत सांगावे. ‘आमच्या स्वयंपाकघरात मांसाहार होत नाही’ हीसुद्धा घराची अट आहे आणि ती सांगण्याचा हक्क आहे. ‘तुम्ही मांसाहारी आहात का?’ ही मात्र माणसाची झडती आहे. आणि ‘जेवायला ताजे बोंबील आहेत, चालतील ना?’ हा तर निखळ आतिथ्याचा प्रश्न. अन्न तेच, हेतू वेगळे.

‘फॅमिलीच ना?’ या प्रश्नाचेही तेच. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी मढ-अक्सा परिसरातील हॉटेलांवर आणि लॉजवर छापे घालून सुमारे चाळीस जोडप्यांना ताब्यात घेतले, तेव्हा बंद खोलीतल्या सज्ञान माणसांचा गुन्हा कोणता, याचे पटणारे उत्तर कोणापाशी नव्हते. कोइमतूरमध्ये अविवाहित जोडपे राहिल्याचे आढळले म्हणून अल्पमुदतीने भाड्याने दिली जाणारी एक इमारत प्रशासनाने सील केली. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, सज्ञान अविवाहितांना एकत्र राहण्यास मनाई करणारा कायदा नाही, असे स्पष्ट करून ते सील काढायला लावले. छाप्याची भीती यजमानाला वाटते हे समजण्यासारखे आहे. पण पोलिसी धाकाचा भार पाहुण्याच्या मंगळसूत्रावर टाकणे याला दक्षता म्हणत नाहीत.

मग ओळखपत्र मागूच नये का? अवश्य मागावे. नोंदवही हवी, परदेशी पाहुण्याची माहिती अधिकाऱ्यांना कळवायलाच हवी. मुद्दा क्रमाचा आहे. तारीख, माणसांची संख्या, दर आणि अटी यांवर आधी होकार द्यावा. नाव-गाव नंतर नोंदवावे. आणि नोंदवल्यावर ते जपावे. आधार कार्डाचे फोटो मोबाइलमध्ये वर्षानुवर्षे पडून असतात, ते कोण पाहते याचा पत्ता नसतो. शेवटचे आकडे तेवढे उघडे ठेवणारे आधार उपलब्ध आहे, ते स्वीकारायला हरकत काय? तसेच आवारात कॅमेरे असतील तर ते कुठे आहेत हे आधी सांगावे. पाहुण्याकडून सारी माहिती घ्यायची आणि स्वतःची एकही द्यायची नाही, याला विश्वास म्हणत नाहीत, पहारा म्हणतात.

पाहुण्यांचेही कर्तव्य याहून कमी नाही. खरी संख्या सांगणे, येण्याची खरी वेळ कळवणे, बेत रद्द झाला तर आदल्या रात्री नव्हे तर कळताक्षणी फोन करणे, एवढे तरी त्यांनी करावे. कारण माकुणसारसारख्या गावात बाजारातून मासळी आणणे, भाकऱ्यांचे पीठ काढणे हे कोणाच्या तरी पहाटेच्या कष्टाचे काम असते. आणि तक्रार असेल तर ती समोर करावी. तोंडावर ‘मस्त सोय आहे हं काकू’ म्हणून मुंबईला पोहोचताच एक तारा देणे हा भ्याडपणा आहे. त्या ताऱ्याची धमकी देऊन सवलत उकळणे ही खंडणी आहे. सूडाच्या भीतीने माणसे खरे लिहीत नाहीत हे ओळखून एअरबीएनबीने २०१४ मध्ये दोन्ही बाजूंचे अभिप्राय एकाच वेळी उघड करण्याची पद्धत आणली. पण यंत्रणा भीती कमी करते, सचोटी निर्माण करत नाही.

या प्रश्नाला इथे आता निकड आली आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालते आहे, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत देशभरचे कामगार राहतात, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. पुढची वीस वर्षे या जिल्ह्यात अनोळखी आडनावांची माणसे येतच राहणार, काही दोन रात्रींसाठी, काही दोन महिन्यांसाठी. त्यांना जागा देणारे हात इथलेच असतील. ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवायला कसली आली आहे हिंमत? विश्वास हा शब्द अनोळखी माणसासाठीच घडला आहे. तो आंधळा नको, तपासून घ्या. पण माणसाचा शब्द तपासा, त्याचे कुळ नव्हे. ‘घरगुती’ या पाटीखाली आणखी एक ओळ लिहायला फारसा रंग लागणार नाही: ‘आमच्या अटी या आहेत; ज्यांना मान्य, त्यांचे स्वागत.’