नैवेद्यानंतरचे पाणी

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे भालचंद्र गणेशाचे क्षेत्र. गणरायास हसलेल्या चंद्राला शाप मिळाला, पुढे त्याने तप केले आणि प्रसन्न झालेल्या देवाने त्यास आपल्या भाळी धारण केले, अशी या नामामागील श्रद्धा आहे. मोदकांनी भरलेले ते उदर पाहून चंद्र हसला, हेही चतुर्थीला चंद्रदर्शन टाळणाऱ्या प्रत्येक घरास ठाऊक असते. हाती मोदक आणि मुखी एकच दंत, असे हे आमचे दैवत! तेव्हा गोड आणि दात यांविषयी चार शब्द बोलावयास गणेशोत्सवाइतका उचित समय दुसरा नाही, असे आम्हांस वाटते.

मोदकावर आमचा मुळीच रोष नाही. नैवेद्यास गोड हवेच. दोष आहे तो आपल्या खाण्याच्या रीतीचा. दातांवर सूक्ष्म जंतूंचा थर असतो. तोंडात साखर गेली की हे जंतू तिचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण झिजवू लागते. लाळेच्या योगे हा परिणाम निवळावयास अर्धा-पाऊण तास तरी लागतो. म्हणून जेवणाच्या पानावर एकदाच पोटभर मोदक खाणाऱ्यापेक्षा दिवसातून पाच वेळा एकेक पेढा तोंडात टाकणाऱ्या मुलाचे दात अधिक धोक्यात असतात. गुळाने अपाय होत नाही, हा समजही खरा नव्हे. जंतूंना गूळ आणि साखर दोन्ही सारखीच.

उत्सवात नेमके हेच घडते. सकाळच्या आरतीची खिरापत, दुपारचे पक्वान्न, सायंकाळी घरोघरच्या आरत्यांचे पेढे आणि साखरफुटाणे. रात्रीचा शेवटचा प्रसाद खाऊन मूल तसेच निजते. निद्रेत लाळ कमी होते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. शिवाय एके काळी साखर शिधापत्रिकेवर मोजून मिळे, गोड पदार्थ सणापुरताच असे. आज गोळ्या, बिस्किटे आणि बाटलीतील गोड पेये यांनी प्रत्येक दिवस सणाचा केला आहे. सणाचे अप्रूप मात्र उणे झाले.

“दुधाचेच दात, पडायचेच आहेत,” असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. परंतु दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत मुखात राहावयाच्या असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे जी नवी दाढ येते, ती तर जन्मभराची. कोणताही दात न पडता ती उगवते, म्हणून पुष्कळ आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. ती किडली तर दुसरी येत नाही. ठणकणाऱ्या दाढेने रात्र जागविणारे मूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नको.

यावर उपाय आपल्या पूजाविधीतच आहे. नैवेद्य समर्पण केल्यावर आपण देवास हस्तप्रक्षालनाचे पाणी देतो, मुखप्रक्षालनाचे पाणी देतो, तदनंतर तांबूल. प्रत्यक्ष विघ्नहर्त्याचे मुख आपण प्रसादानंतर धुतो आणि त्याच प्रसादाने माखलेले बाळाचे मुख तसेच राहू देतो, ही विसंगती नव्हे काय?

घरातील वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे. प्रसाद चिमूटभर द्यावा. पेढे जेवणाच्या वेळेसाठी राखून ठेवावेत. गोड खाल्ल्यावर प्रत्येकाने खळखळून चूळ भरावी. तथापि चूळ पुरेशी नाही. रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासलेच पाहिजेत. तीन वर्षांखालील बालकास पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून मोठ्यास वाटाण्याएवढी पुरे. आठव्या वर्षापर्यंत तरी घासताना वडिलांचा किंवा आईचा हात असावा.

लिंबागणेश या नावात कडू लिंब आणि मोदकप्रिय गणेश शेजारी नांदतात. गुढीपाडव्याला आपण लिंबाचा पाला गुळासह खातो, तोही हाच समतोल. भालचंद्रास हात जोडताना यंदा एवढा संकल्प करावा: देवास जे पाणी देतो, ते मुलांसही देऊ.