गाडी दिली, बॅटरीचे काय?

सरकारी मेहेरबानीची छायाचित्रे निघतात ती गाडी देताना. तालुक्याच्या गावी मांडव पडतो, अपंगांना उन्हात ताटकळत बसवले जाते, पुढारी उशिरा येतात, किल्ली हातात ठेवतात आणि टाळ्या घेऊन निघून जातात. दोन उन्हाळे सरल्यावर तीच विजेवर चालणारी गाडी ओसरीत धूळ खात उभी राहते, तिच्या बैठकीवर कोंबड्या वस्तीला येतात. त्याचे छायाचित्र मात्र कोणी काढीत नाही. गाडीची चाके फिरत असतात, मोटार शाबूत असते. मेलेल्या असतात त्या बैठकीखालच्या दोन बॅटऱ्या. त्या मेल्या की माणूस पुन्हा दुसऱ्याच्या पाठीवर, नाहीतर घराच्या कोपऱ्यात.

अपंगांना साधने देण्याची केंद्राची ‘ॲडिप’ योजना 1981 सालची. साधने बनविणारा कानपूरचा निगम 1972 मध्ये स्थापन झाला, तोही सार्वजनिक क्षेत्रात. ज्या गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा नाही त्याच्याकडे खाजगी भांडवल ढुंकूनही पाहत नाही. म्हणून हा कारखाना असणे हीच मोठी गोष्ट होय. 2014 च्या सुधारित योजनेने मोटारीच्या तीनचाकीसाठी 25 हजार रुपयांचे साहाय्य मान्य केले. तेही स्वागतार्हच. तक्रार आहे ती वाटप म्हणजेच कल्याण समजणाऱ्या धोरणाविषयी. अशी गाडी पुन्हा मिळायला अनेक वर्षे थांबावे लागते आणि बॅटरीची जोडी मात्र उत्तम जपली तरी दोन-तीन वर्षांची सोबतीण. मधल्या काळात काय करायचे?

विकत घ्यायची, असे उत्तर येईल. मग कराचा हिशेब पाहावा. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा अपंगांच्या गाडीवर 5 टक्के कर बसला. या 5 टक्क्यांविरुद्धही अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला होता. पण त्याच गाडीच्या शिसे-आम्ल बॅटरीवर 28 टक्के! लिथियम बॅटरीवरचा कर 2018 च्या जुलैत 18 टक्क्यांवर आला. शिशाच्या बॅटरीला ती सवलत मिळायला 22 सप्टेंबर 2025 उजाडावे लागले. म्हणजे 10 हजारांच्या मालावर गाडी असेल तर सरकार 500 रुपये घेई आणि बॅटरी असेल तर 2,800. आजही 1,800 घेते. अपंगाला ‘दिव्यांग’ म्हणायचे आणि त्याच्या पायांतली शक्ती चैनीच्या मालाच्या पंक्तीला बसवायची, असा हा आठ वर्षांचा कारभार.

आता भडगावसारख्या गावी हा माणूस दुकानात गेला तर त्याला काय मिळते? गिरणेकाठचा हा केळी-कापसाचा मुलूख. येथील बाजार ट्रॅक्टर, मालमोटार आणि घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचा. ट्रॅक्टरची बॅटरी दिसायला तशीच, 12 व्होल्टचीच आणि स्वस्तही. पण ती इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा झटका देण्यासाठी पातळ प्लेटांची बनवलेली असते. तिला रोज अर्धीअधिक रिकामी केली तर काही महिन्यांतच ती मान टाकते. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी गाडी कलंडली की आम्ल सांडते. गाडीला लागते ती खोल उपसा सोसणारी, बंद तोंडाची, जेलची किंवा काचतंतूंच्या गादीची. दोन्ही एकाच क्षमतेच्या, एकाच वयाच्या हव्यात; एक जुनी आणि एक नवी जोडली तर जुनी नवीलाही बुडवते. चार्जरही त्या जातीला मानवणारा असावा.

निगेचेही तसेच. ‘पूर्ण उतरू द्यावी, मगच भरावी’ हा समज सर्वत्र पसरलेला आहे. शिशाच्या बॅटरीला तो विषासारखा. ती जितकी खोल उपसावी तितके तिचे आयुष्य घटते, आणि उतरलेल्या स्थितीत पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटाचा थर घट्ट होऊन ती कायमची आखडते. म्हणून गाडी थोडी चालली असली तरी रोज रात्री भरावी; एकेका बॅटरीवर विसावल्यानंतर 12.7 व्होल्टच्या आसपास दाखवले तर पोट भरले, 12.2 म्हणजे अर्धे उपाशी. गाडी महिनाभर वापरायची नसली तरी अधूनमधून भरत राहावी. पण भरायला आठ-दहा तास लागतात आणि वादळी पावसात खेड्यातली वीज रात्र-रात्र बेपत्ता असते. त्यात खानदेशचा उन्हाळा! 25 अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. येथे तर मे महिन्यात पारा 44-45 ला भिडतो. पत्र्याखाली उभी केलेली गाडी बसल्या जागी म्हातारी होते.

‘लाभार्थी नीट वापरत नाहीत,’ असे म्हणून अधिकारी हात झटकतात. याच तालुक्यातील शेतकरी ट्रॅक्टरची बॅटरी वर्षानुवर्षे सांभाळतो, ते त्याला कोणत्या खात्याने शिकवले? जाणता मिस्त्री हाकेच्या अंतरावर असतो म्हणून ते साधते. वर सांगितलेले सारे मराठीत छापले तर एका पानात मावेल. ते पान गाडीच्या किल्लीबरोबर द्यायला कोणत्या आयोगाची शिफारस हवी?

लिथियमने प्रश्न मिटेल, असे सांगणारेही आहेत. मद्रास आयआयटीतून 2021 मध्ये पुढे आलेले चाकाच्या खुर्चीला जोडायचे ‘निओबोल्ट’ वाहन लिथियमवरच चालते. ही बॅटरी हलकी, अधिक टिकाऊ, आणि संशोधन आपल्या देशातले; आनंदच आहे. परंतु तिच्या पोटातला नियंत्रक बिघडला तर तालुक्याच्या गावी तो उघडणारा हात कुठून आणणार? जात बदलली तरी दुरुस्तीचा प्रश्न तसाच उरतो.

अमेरिकेत बर्कलेच्या अपंग विद्यार्थ्यांनी 1970 मध्ये स्वतःची सेवा उभारली आणि 1972 मध्ये स्वतंत्र जीवन केंद्र काढले, तेव्हा त्यांच्या पहिल्या कामांत विजेच्या खुर्च्यांची दुरुस्ती होती. भाषणे त्यांनीही केली. पण बॅटरी संपली की चळवळ रस्त्यात अडते, हे त्यांनी ओळखले होते.

पैसा नाही, ही सबब येथे टिकणार नाही. ग्रामपंचायतींनी आणि नगरपरिषदांनी स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के अपंगांवर खर्च करावेत असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी तो 3 टक्क्यांचा होता. त्या निधीतून गावातील प्रत्येक विजेच्या गाडीला दर दोन वर्षांनी बॅटरीची जोडी मिळावी. जुन्या जोडीतल्या शिशाला भाव आहे, तो बिलातून वजा व्हावा. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी 2022 च्या नियमांनी उत्पादकांवर टाकलेलीच आहे. आयटीआय शिकलेल्या एका तरुणाला मीटर, चार्जर आणि मानधन देऊन तालुक्याला नेमावे. बॅटरीवरचा कर गाडीच्या कराइतका खाली आणणे दिल्लीचे काम. बाकीचे सारे भडगावातच होण्याजोगे आहे. येत्या अर्थसंकल्पी सभेत हा ठराव कोण मांडतो ते गाडीवाल्यांनी सभागृहात जाऊन पाहावे, आणि तेथवर पोचायला उतार आहे की नुसत्या पायऱ्या, तेही.