शाळा कुरणात जाते तेव्हा

पालघर जिल्ह्याचे मुख्यालय २०१४ नंतर कोळगावात उभे राहिले. परंतु या भूमीने शिक्षणविचाराला दिलेली देणगी त्याहून जुनी आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले गुरे राखावयास जात. म्हणून शाळाच त्यांच्यामागे गेली. हीच ‘कुरणशाळा’. पाने, बिया, खडे ही तिची साधने होती.

मूल शाळेत येत नाही, हा मुलाचा नव्हे, शाळेच्या रचनेचा दोष मानणे, हे या प्रयोगाचे मर्म होय. प्रतिभेलाही हाच न्याय लागू पडतो. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री लाभली. त्यांची वारली चित्रकला पाठ्यपुस्तकातून नव्हे, लग्नघराच्या भिंतीवरून आली होती.

मुक्त शिक्षणही नोकरी, शेती व संसार सांभाळणाऱ्या प्रौढापर्यंत पोहोचते. मात्र सर्वांकडून एकच साचेबद्ध उत्तर अपेक्षिले, तर ही शाळा पुन्हा चार भिंतींत परतेल. अभ्यासक्रम समान असावा. उत्तरात मात्र विद्यार्थ्याचा स्वतःचा अनुभव व विचार यावा आणि परीक्षकाने त्यालाही गुण द्यावेत.