टाळ्या वाजवण्याआधी

आमच्या गटातली एक मैत्रीण दक्षिण आफ्रिकेत, क्वाझुलु-नताल प्रांतातल्या एका खेड्यातल्या शाळेत सहा महिने इंग्रजी शिकवून परत आली. स्वयंसेवक म्हणून, बिनपगारी. परवाच्या बैठकीत तिने फोटो दाखवले. वर्गाचे दोन-तीन होते, बाकीचे सगळे शाळेतल्या सांस्कृतिक कार्यक्रमाचे. मण्यांचे रंगीत दागिने घालून नाचणाऱ्या मुली, ढाली-काठ्या घेतलेले मुलगे. "किती छान जपलीय गं त्यांनी आपली संस्कृती!" ती म्हणाली. मी विचारलं, "या मुलींना फोटो काढू का असं विचारलं होतंस?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "सगळेच काढत होते."

मला तिला दोष द्यायचा नाही. मी गेले असते तर मीही हेच केलं असतं. पण त्या गप्प होण्यावर आपण सगळ्यांनीच थोडं थांबायला हवं.

२४ सप्टेंबर हा तिथे 'वारसा दिन'. पूर्वी झुलू लोक तो राजा शाका याच्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळत. १९९५ पासून ती साऱ्या देशाची सुट्टी झाली. वर्णद्वेषी राजवटीने ज्यांची भाषा, ज्यांचं जगणं हिणवलं, त्यांच्या मुलांनी आपला पोशाख घालून ताठ मानेने शाळेत यावं, ही साधी गोष्ट नाही. त्याला नाक मुरडण्याचा अधिकार बाहेरून आलेल्या कोणालाच नाही.

पण नुसत्या टाळ्या वाजवणं हीसुद्धा एक बाजू घेणंच असतं. कारण संस्कृती कोणाच्या अंगावर मिरवली जाते? बहुतेक वेळा मुलींच्या. त्याच सप्टेंबर महिन्यात नोंगोमा इथे झुलू राजाच्या वाड्यावर हजारो अविवाहित मुली बोरू घेऊन नाचत जातात. त्यासाठी मुलगी कुमारी असावी लागते, आणि त्याची तपासणी होते. तपासणाऱ्या बहुधा वयस्कर बायकाच. १९९० नंतर एड्सची साथ पसरली तशी ही प्रथा पुन्हा जोरात आली. मुली वाचतील, असं त्या बायकांना मनापासून वाटत होतं. त्यांची भीती खोटी नव्हती. पण रोग आणणाऱ्या पुरुषाला कोणी तपासलं नाही. तपासलं ते मुलीला.

तिथल्या बायकांनी हा प्रश्न आपापसात लढवला, आणि कायद्यापर्यंत नेला. २००५ च्या बालक कायद्याने सोळा वर्षांखालच्या मुलींच्या अशा तपासणीवर बंदी घातली. त्यावरच्या मुलींसाठी संमतीची अट घातली. बंदीला विरोध करणाऱ्यांतही बायका होत्या. २०१६ साली उथुकेला जिल्ह्याच्या पालिकेने सोळा मुलींना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, अट एकच : कौमार्य टिकवायचं आणि नेमाने तपासून घ्यायचं. मुलग्यांना अशी अट नव्हती. त्याच वर्षी तिथल्या स्त्री-पुरुष समता आयोगाने ही अट घटनाविरोधी ठरवली. १९९६ ची त्यांची घटना संस्कृतीचा हक्क देते, पण त्या हक्काच्या नावाखाली दुसऱ्या कोणाचे मूलभूत हक्क मोडता येणार नाहीत, असंही बजावते.

हे आपल्याला परकं वाटायला नको. कंजारभाट समाजातल्या लग्नानंतरच्या कौमार्य चाचणीविरुद्ध २०१७-१८ मध्ये त्याच समाजातले तरुण-तरुणी उभे राहिले. त्यांनी बहिष्कार सोसला, मार खाल्ला. बाहेरच्यांचं काम त्यांच्या मागे उभं राहण्याचं होतं, पुढे उभं राहण्याचं नव्हतं.

परदेशात शिकवायला जाणाऱ्या मैत्रिणींना मला हेच सांगायचं आहे. आपण काही महिन्यांसाठी जातो. त्या मुलींना तिथेच राहायचं असतं. तेव्हा जाण्याआधी तिथला कायदा वाचा, तिथल्या स्त्री संघटना कोणत्या ते विचारा. नाच बघा, पण मण्यांचं काम कोणी केलं, खर्च कोणी केला, कोणती मुलगी पोशाख नाही म्हणून त्या दिवशी शाळेत आलीच नाही, हेही बघा. निळ्या छापाचं 'श्वेश्वे' कापड मुळात युरोपातून आलं. आज तिथल्या बायका ते आपलं म्हणून शिवतात. म्हणजे परंपरा बदलते, आणि बायकाच ती बदलतात. एखादी मुलगी "मला नाही नाचायचं" म्हणाली, तर ती संस्कृती बुडवत नसते. शाळेत तिला हे म्हणता येतं का, एवढं शिक्षिकेने जरूर पाहावं.

आणि आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात नऊवारी नेसवून नाचवलेल्या मुलींना हा प्रश्न आपण कधी विचारलाय का? मैत्रिणींनो, आपापले अनुभव जरूर लिहून पाठवा.