दाखला

ईद होऊन पंधरा दिवस झाले असतील. आमच्या शाळेच्या कार्यालयात एक बाई आल्या आणि कोपऱ्यात उभ्या राहिल्या. मुलाच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. कशासाठी, ते लिपिकाला सांगेनात. आम्ही त्यांना बाजूला नेले, तेव्हा हळूच म्हणाल्या, "सर, तो येरवड्याला आहे. तिथून बीएला बसायचं म्हणतोय."

मुलगा आम्हाला चांगला आठवत होता. इतिहासाच्या तासाला प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. पकडला गेल्यापासून मात्र त्याचे नाव निघाले की आम्ही विषय बदलत असू, हे इथे कबूल केलेले बरे.

बाईंना स्वतःलाच ते पटत नव्हते. "बीए करून काय मिळणार? सुतारकाम शिकला तर सुटल्यावर पोट तरी भरेल."

सुतारकाम येरवड्यात शिकवतात, आणि ते वाईट नाही. पण वाचकहो, हातांना काम दिले म्हणून डोके रिकामे राहत नाही. गांधीजी १९२२ ते १९२४ याच तुरुंगात होते. तिथे त्यांनी उर्दूचा अभ्यास केला आणि मौलाना शिबलींनी लिहिलेले प्रेषितांचे (स.) चरित्र वाचले. ते गांधीजी होते, असे कुणी म्हणेल. मग अमेरिकेतले बघा. न्यूयॉर्क राज्यात बार्ड कॉलेज कैद्यांना इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान शिकवून पदवी देते. २०१५ मध्ये त्या कैद्यांच्या संघाने वादविवादात हार्वर्डच्या संघाला हरवले. इंटरनेट नाही, पुस्तके परवानगीने मिळणार, आणि मांडायला आलेली बाजू स्वतःला न पटणारी! न पटणारी बाजू नीट समजून घेऊन मांडायची, ही सवय आमच्या शाळेत तरी आम्ही किती मुलांना लावतो?

आपल्याकडे सोय नाही असे नाही. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने २०१० पासून कैद्यांची फी माफ केली आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही तुरुंगात शिकवते. परीक्षा उत्तीर्ण झाल्यास शिक्षेत ९० दिवसांपर्यंत सूट मिळू शकते. हे वाचताना आम्हाला बद्रचे कैदी आठवले. ज्यांच्याकडे खंडणी नव्हती पण अक्षरज्ञान होते, त्यांनी मदीनेतल्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटावे, असे ठरले होते.

पण सूट मिळायला आधी शिक्षा व्हावी लागते. बाईंचा मुलगा तीन वर्षे कच्चा कैदी आहे, खटलाच उभा राहिलेला नाही. परीक्षेच्या दिवशीच कोर्टाची तारीख आली तर पेपर बुडणार. दुसऱ्या तुरुंगात हलवले तर पुस्तके मागे राहणार.

तुरुंगांतले मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येतल्या प्रमाणापेक्षा जास्त आहे, हे सरकारी अहवालच सांगतात. त्यावर आपल्याकडे भाषणे होतात आणि ती व्हायलाच हवीत. मात्र आत असलेल्या पोराच्या प्रवेशासाठी लागणारी कागदपत्रे गोळा करायला या बाई एकट्याच हिंडत होत्या. त्यांच्या मोहल्ल्यात पदवीधर कमी नाहीत. कुणाच्या दारात जायचे, तर आधी 'येरवडा' म्हणावे लागते.

दाखला लिहिताना लिपिकाने पेन थांबवले. 'वर्तणूक' या रकान्यात काय लिहू, असे त्याने आमच्याकडे बघून विचारले. आम्ही जनरल रजिस्टर काढायला लावले. तिथे जे होते तेच उतरवायचे असते. रजिस्टरमध्ये लिहिले होते, 'चांगली'.

बाईंना मराठी वाचता येत नाही. काय लिहिलेय ते त्यांनी वाचून दाखवायला सांगितले. तो शब्द आल्यावर म्हणाल्या, "परत एकदा वाचा." मग कागद पिशवीत ठेवत त्यांनी विचारले, इतिहासाचे एखादे जुने पुस्तक मिळेल का? शनिवारी मुलाखत आहे.