कानातला बिल्ला आणि निनावी कातडी

भिलाईच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या रुळावर कारखान्याची खूण, महिना, वर्ष आणि हीट नंबर असतो. उद्या तो रूळ कोठे तडकला तर अभियंता त्या आकड्यांवरून थेट पोलाद ज्या हीटचे, तिच्यापर्यंत पोहोचतो. याच शहराच्या रस्त्यांवर ठाण मांडणाऱ्या गुरांपैकी अनेकांच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो. त्यावर १२ आकडी क्रमांक असतो. मात्र जनावर मेले की तो क्रमांक तेथेच थांबतो आणि कातडी निनावी होऊन बाजारात जाते.

२०१९ च्या पशुगणनेत गायी-म्हशींची संख्या ३० कोटींहून अधिक भरली. त्याच वर्षी मथुरेत सुरू झालेल्या लाळ-खुरकूत व ब्रुसेलोसिस नियंत्रण कार्यक्रमाने लसीकरणाबरोबर हे बिल्ले गावोगाव नेले. नोंदी आधी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या ‘इनाफ’मध्ये होत, आता त्या ‘भारत पशुधन’वर होतात. लस, रेतन, दूध यांचा हिशेब तेथे राहतो. मांसाच्या निर्यातीच्या नोंदी वाणिज्य मंत्रालयाच्या ‘अपेडा’कडे आणि कातडीचा व्यवहार व्यापाऱ्याच्या वहीत. या तिन्ही दप्तरांची भाषा वेगळी आहे.

आता दबाव बाहेरून येतो आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या मूळ नियमानुसार, ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवर गुरे पोसलेली नाहीत, हे जागेच्या अक्षांश-रेखांशांसह दाखवावे लागेल. त्यात कातडीही आली. अंमलबजावणी दोनदा लांबली आणि डिसेंबर २०२५ च्या निर्णयाने मोठ्या व्यापाऱ्यांसाठी ३० डिसेंबर २०२६ वर गेली. तारखा पुढे जातील, पण खरेदीदाराचा प्रश्न मागे जाणार नाही.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. २००३ मध्ये युरोपात द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि पुढे ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ उभारले. बागेचा नोंदणी क्रमांक, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस अशी सारी साखळी एका नोंदीत आली. अर्थात बाग जागची हलत नाही, गाय चार बाजार फिरते. शिवाय द्राक्षांची गाडी अडवून कोणी चालकाला मारत नाही.

खरी अडचण येथेच आहे. छत्तीसगडच्या २००४ च्या कायद्याने गायी-बैलांप्रमाणे म्हशींच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणजे येथील कायदेशीर कातडी मेलेल्या जनावराचीच. ती सोलणारा, मीठ लावून विकणारा माणूस साखळीतला पहिला दुवा आहे आणि त्याच्या हाती कसलाच कागद नाही. २०१६ मध्ये गुजरातेतील उना येथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना झालेली मारहाण देशाने पाहिली. जनावर नैसर्गिकरीत्या मेल्याची नोंद बिल्ल्याच्या क्रमांकावर झाली आणि तो क्रमांक कातडीबरोबर गेला, तर युरोपचा ग्राहक राहिला बाजूला, आधी या माणसाला संरक्षण मिळेल.

पण हीच माहिती भलत्या हाती गेली तर? जून २०२४ मध्ये रायपूर जिल्ह्यातील आरंगजवळ म्हशी नेणाऱ्या ट्रकचा पाठलाग झाला आणि त्यातील तिघे प्राणास मुकले. गुरे कोठून निघाली, कोणी विकली, कोणाच्या गाडीत आहेत, हे एका बोटावर कळू लागले तर अशा टोळ्यांना आयती यादीच मिळेल. २०१७ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात मांडलेल्या समितीच्या शिफारशींत जनावरांचा ओळख क्रमांक तस्करी रोखण्याचा उपाय म्हणून आला होता, हे विसरू नये. पशुवैद्य आणि पोलीस एकाच क्रमांकाकडे दोन नजरांनी पाहत आहेत.

म्हणून समान मानकात रकान्यांइतकाच अधिकारांचा विचार हवा. खरेदीदाराला जागा, तारीख आणि मृत्यूचे कारण दिसावे. मालकाचे वा वाहकाचे नाव दिसू नये. पोलिसांनी पाहायचे तर लेखी कारण देऊन, आणि कोणी पाहिले याची नोंद राहावी. पशुसंवर्धन राज्यसूचीतील, परदेशी व्यापार संघसूचीतील. त्यामुळे दिल्लीने परिपत्रक काढून हे होणार नाही, राज्यांना आधी बोलवावे लागेल. दुर्गजवळच्या अंजोरा येथे कामधेनू विद्यापीठ आहे. एका जिल्ह्यापुरता प्रयोग तेथून सुरू करता येईल. येत्या अधिवेशनात एखाद्या खासदाराने बिल्ले किती लावले याऐवजी मेलेल्या जनावरांचे क्रमांक किती दिवसांत बंद होतात, एवढे जरी विचारले तरी खात्याला कपाटे उघडावी लागतील.